शून्य नंबरची हजेरी

बाई,

तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. विद्यार्थिनीने बाईंना पत्र लिहावे ते निकाल कळवायला, फार तर गुरुपौर्णिमेचा नमस्कार कळवायला, एवढीच रीत मला ठाऊक आहे. ज्या बाईंना जाऊन इतकी वर्षे लोटली, त्यांना त्यांच्या सकाळच्या खाण्याविषयी विचारावे, अशी रीत कुठेही नाही. तुमच्यासमोर उभी राहून मी हे विचारू शकले नसते. फळ्यावरचे गणित सोडवायला उठतानाही माझे कान तापत, हे तुम्ही पाहिलेले आहे. मात्र कागदावर मी बरी बोलते, असे तुम्हीच एकदा म्हणाला होता. त्या एका वाक्याच्या आधारावर लिहायला बसले आहे.

मी आता जुन्या जालन्यात एका शाळेत पाचवीला शिकवते. शाळा सकाळची असते. राहते ती खोली एका धान्याच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिन्यात तुरीचा आणि तागाच्या पोत्यांचा वास कायम भरून असतो. आज शनिवार, शाळा लवकर सुटली. सोमवारी मला मुख्याध्यापक सरांना एक उत्तर द्यायचे आहे. तुमची हजेरी मी माझ्या वर्गात चालू ठेवणार की बंद करणार, एवढाच प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर शोधायला बसले आणि कळले, की ते शोधायचे तर आधी मंठ्याच्या आमच्या शाळेत, तुमच्या वर्गात जाऊन बसावे लागेल.

दहावीचे जादा तास होते. आठ वाजता वर्ग भरायचा आणि तुम्ही जालन्याहून पहिल्या एसटीने यायचा. पदराला धूळ, खांद्याला ती तपकिरी पिशवी, केसांत बसच्या खिडकीचा वारा तसाच. इतर गुरुजी हजेरी घेत तेव्हा मुले 'हजर' म्हणत. तुम्हाला ते चालत नसे. "तू हजर आहेस ते मला दिसतंय. पोट हजर आहे का, ते सांग." मग नंबर पुकारला की ज्याने त्याने काय खाऊन आलो ते सांगायचे. सुरुवात तुम्ही स्वतःपासून करायचा. टेबलाशी ताठ उभे राहून स्वतःलाच हाक मारायचा, "नंबर शून्य?" आणि स्वतःच हात वर करून सांगायचा, "हजर. फक्त चहा." आम्ही खळखळून हसायचो. नाटकाआधी नांदी म्हणतात तसे आम्हाला ते वाटायचे. रोजचे, ठरलेले, आणि खरे असण्याची गरज नसलेले.

अजून ते आवाज कानात आहेत. एक नंबर म्हणतो, "भाकरी-चटणी, बाई." दोन नंबर म्हणतो, "चहा-बटर." तिसरीने चहाबरोबर खारी खाल्लेली आहे. चौथा नंबर, तो शेवटच्या बाकावरचा लांबट मुलगा, उभा राहून म्हणतो, "मटन."

"सकाळी सकाळी मटन?"

"स्वप्नात खाल्लं, बाई."

"मग भरलं का पोट?"

"न्हाई ना बाई. तुकडा उचलला आन मायनं उठवलं."

तुम्ही इतक्या हसता, की खडू हातातून पडतो. "अर्ध्यावर उठवलं, म्हणून तुझी अर्धीच हजेरी," असे म्हणता आणि पुढच्या नंबराकडे वळता. मात्र मधल्या सुट्टीत त्याच मुलाला बोलावून पिशवीतले मूठभर फुटाणे त्याच्या खिशात ओतता. वर्गात नव्हे, पाण्याच्या टाकीमागे. मी टाकीवर पाणी प्यायला आले होते, म्हणून मला दिसले.

माझा नंबर सतरावा. "काही नाही, बाई." वर्षभर माझा आवाज वर्गाने ऐकला तो बहुधा एवढाच. दिवाळी झाली की आमचे बाबा मेंढरे घेऊन गंगथडीकडे, गोदावरीच्या काठाला, निघून जायचे, माय अंधारातच कापूस वेचायला जायची, आणि मी वस्तीवरून शाळेला निघायचे. घरी रात्रीची भाकरी नसायची असे नाही. पण सकाळची ती घटका मी पुस्तकाला द्यायचे. भूक ही आळशी मुलांची सबब असते, अशी माझी समजूत होती. तुम्ही ती एका सकाळी मोडलीत. मी "काही नाही" म्हटल्यावर तुम्ही पुढे गेला नाहीत, थांबलात.

"घरात नव्हतं, की खाल्लं नाहीस?"

मी मान खाली घालून म्हणाले, "वेळ नव्हता, बाई. पाठांतर चाललं होतं."

"उपाशी राहून पहिला नंबर येतो, असं कुठल्या पुस्तकात वाचलंस गं? मला दाखव ते पुस्तक. मी पण वाचते, माझाही येईल."

तुम्ही मला रागावला तेवढे एकदाच. वर्ग हसला, मी बाकावरच्या रेघा मोजत राहिले. पण त्या शनिवारपासून शेवटचा तास नाश्त्याचा झाला. विषय पाठ्यपुस्तकात नव्हता, त्यामुळे सगळ्यांना आला. तुमचे म्हणणे साधे होते. सकाळच्या नाश्त्याची चूल रात्रीच पेटते. सकाळी काम करायचे नसते, सकाळी नुसता हात लावायचा असतो. मटकी सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधली तर पुढचे काम ती स्वतः करते. सकाळी तिच्यावर कांदा, मीठ, लिंबू, आणि झाले. रात्रीची भाकरी ताकात कुस्करली, वर लसणाची चटणी आणि मूठभर शेंगदाणे टाकले, तर वेणी घालायला लागतो तेवढ्यात खाणे तयार. आदल्या दिवशीची धपाटी दह्याबरोबर उभ्या उभ्याही खाता येतात. मुरमुरे भिजवून पिळले आणि त्यांवर फोडणी व डाळव्याचे, म्हणजे फुटाण्याच्या डाळीचे, कूट घातले की सुशीला. ते मात्र ज्याच्या घरी सकाळी चूल मोकळी असेल त्याने करावे. आणि कोणीच घरी नसेल, काडेपेटीही सापडत नसेल, त्याच्यासाठी सातूचे पीठ. गहू आणि डाळवे भाजून दळून ठेवलेले. वाटीत चार चमचे, वर गुळाचे पाणी, की संपले. "पोट भरतं धान्यानं," तुम्ही फळ्यावर हात ठेवून म्हणायचा, "दुपारपर्यंत टिकतं डाळीनं न् दाण्यानं, आणि घशाखाली उतरतं ओल्या वस्तूनं. तिन्ही आलं की नाश्ता. एकटा चहा म्हणजे नाश्ता नव्हे, चहा म्हणजे नुसतं तोंड धुणं."

एकटा चहा म्हणजे नाश्ता नव्हे, असे दर शनिवारी सांगणाऱ्या बाई दर सकाळी "फक्त चहा" म्हणतात, यात आम्हाला विसंगती दिसली नाही. वर्गात मी सर्वांत हुशार गणली जात होते.

बोर्डाच्या पेपरच्या आदल्या दिवशी तुम्ही मला तो डबा दिलात. स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा, सातूच्या पिठाने काठोकाठ भरलेला. "रोज सकाळी खायचं. एखादं प्रमेय विसरलीस तरी चालेल, हे विसरायचं नाही." तो आजही माझ्याकडे आहे. निकाल लागला, मी शाळेत पहिली आले, तेव्हा माय तुमच्यासाठी शेळीच्या चिकाचा खरवस घेऊन आली होती. माय कोणापुढे फारसे बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "बाई, इथंच खा की. माझ्या डोळ्यापुढं." तुम्ही एक तुकडाही मोडला नाहीत. फडके परत गाठ मारून पिशवीत ठेवलेत आणि म्हणालात, "घरी सगळ्यांना लई आवडतो हो खरवस." मायला तो मान वाटला. मलाही वाटला.

त्यानंतर मी कॉलेजसाठी जालन्याला आले. तुमचे घर इथून चार गल्ल्यांवर, तरी मी कधी आले नाही. काय निमित्त काढून यावे, हे मला सुचले नाही. आले ती तुम्ही आजाराने गेल्यावर, तुमचे दिवस चालू असताना. दारात चपलांचा ढीग होता आणि आत तुमच्या मोठ्या जाऊबाई बायकांना सांगत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते, माझ्याकडे कोणी पाहत नव्हते.

"लई करायची हो. साऱ्यांचे डबे भरायची, मामंजींची पेज करायची, आन चहा घेतला न घेतला की बस धरायला पळायची. सकाळी तिला बसून खाताना म्या कधी बघितलंच न्हाई. म्हणलं, बाई दोन घास खाऊन जा. तर म्हनायची, मंठ्याला गेल्यावर खाते."

मंठ्याला गेल्यावर खाते. आणि मंठ्याला आल्यावर तुम्ही आम्हाला सांगत होता, की नंबर शून्य, फक्त चहा. आणि आम्ही हसत होतो. घरच्यांना वाटत राहिले की तुम्ही शाळेत खाता, शाळेला वाटत राहिले की तुम्ही गंमत करता. तुमचा आजार कसला होता, हे मी विचारले नाही. त्याचा आणि सकाळच्या खाण्याचा संबंध जोडण्याचा मला अधिकार नाही; मी डॉक्टर नाही. मला एवढेच कळले, की तुम्ही भर वर्गात रोज एक खरी गोष्ट सांगत होता आणि चाळीस मुलांपैकी एकानेही "का हो बाई?" असे विचारले नाही. आमच्याकडे बाईंना असे विचारत नाहीत. बाई विचारतात, मुले सांगतात.

म्हणून शिक्षिका झाल्यावर पहिल्याच दिवशी मी तुमची हजेरी सुरू केली. मला वाटले, तुमचे काहीतरी जिवंत ठेवते आहे. फक्त शून्य नंबर मी गाळला. तो तुमचा होता; त्या जागी उभे राहून हात वर करणे माझ्याने झाले नाही. आणि खरे सांगायचे तर माझेही उत्तर तेच होते. सकाळची शाळा, नळाला पाणी येण्याची वेळ, रात्री उशिरापर्यंत तपासलेल्या वह्या; मी रोज एक कप चहा घेऊन जिना उतरत होते. सातूचे पीठ कसे करतात हे वर्गाला सांगायचे आणि स्वतःच्या खोलीत डबा रिकामा.

शून्य नंबर गाळला आणि त्याच्या जागी मी एक तक्ता आणला. हुशार मुलींच्या हाडांत गुण मुरलेले असतात, बाई. त्यांना प्रत्येक गोष्टीला गुण द्यावेसे वाटतात. मी भिंतीवर मोठा कागद लावला, सगळ्यांचे नंबर लिहिले, आणि धान्य, डाळ, ओले असे तिन्ही खाऊन येणाऱ्याला दोन चांदण्या, चहा-बिस्किटाला एक, आणि काहीच न खाणाऱ्याला काही नाही, असे ठरवले. चकचकीत कागदाच्या चांदण्या मी स्वतः रात्री बसून कापल्या. पंधरवड्यात भिंत लखलखू लागली. वरिष्ठ आले, त्यांनी तक्त्याचा फोटो काढला. अकरा नंबरची ओळ तेवढी रिकामी होती.

अकरा नंबर म्हणजे घट्ट दोन वेण्यांची, खालच्या ओठावर दात दाबून धरणारी लहानशी मुलगी. आधी ती म्हणायची, "काही न्हाई, बाई." पुढे एक दिवस मान खाली घालून म्हणाली, "पोहे." मी आनंदाने दोन चांदण्या लावल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोहे, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा पुढच्या बाकावरून आवाज आला, "बाई, खोटं बोलून राह्यली ती. तिची माय अंधारातच मोंढ्यात झाडायला जाती. पोहे कोन करतंय?" वर्ग हसला. तो आम्ही तुमच्या वर्गात हसायचो तसा हसला नाही. मी काय करायला हवे होते? तुम्ही असता तर काहीतरी म्हणाला असता आणि हसणे दुसरीकडे वळवले असते. मी पुस्तक उघडले आणि म्हणाले, "पान बावन्न."

मुलगी यायची थांबली. काल तिची आई आली, मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून थेट, केसांत आणि भुवयांवर धान्याची धूळ तशीच. वर्गाच्या दारात उभी राहून तिने आधी तक्ता पाहिला, मग मला.

"ते चांदन्यावाल्या बाई तुमीच का?"

"हो."

"आमच्या चुलीवर काय शिजतं, काय न्हाई, ते तुमाला कशाला पायजे हो? पोरगी म्हनती, माय, पोहे कर, न्हाई तर मी शाळेत जात न्हाई. दिस उगवायच्या आत मोंढ्यात उभं राहावं लागतं मला. बाकीच्यांचं धान्य झाडून राह्यले मी, माझ्या घरात पोहे कवा करू? तुमी येता का करायला?"

मी तक्त्याकडे पाहत राहिले. माझे कान तापले, दहावीत तापायचे तसे.

"आन बोलत बी न्हाईत ह्या," ती वर्गाकडे पाहून म्हणाली. "शिकवतात तरी कशा?"

आवाज ऐकून मुख्याध्यापक सर आले. त्यांनी तिला शांत केले, माझ्यावर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "मॅडम, हजेरी म्हणजे हजर का गैरहजर, एवढंच. घरच्या चौकशा बिलकुल नकोत. काय ठरवताय ते सोमवारी सांगा." ते चुकीचे बोलले असे मला वाटत नाही. मुलीची आईही चुकीचे बोलली नाही. मग तुम्ही तरी तेच विचारत होता, बाई, तुमच्या वर्गात कोणावर खोटे सांगायची वेळ का आली नाही? हेच शोधायला मी तुमच्या वर्गात जाऊन बसले, आणि आता इथपर्यंत लिहिल्यावर ते समोर उभे आहे. तुम्ही काहीही लिहून ठेवत नव्हता. आणि सर्वांत आधी, सर्वांत रिकामे उत्तर तुमचे असायचे. तुम्ही "फक्त चहा" म्हटल्यावर सतरा नंबरला "काही नाही" म्हणायला काय लागत होते? जो नंबर मी गाळला, त्याच्यावर सगळी हजेरी उभी होती.

पण मग हेही लिहिते, रागावू नका. तुम्ही आमच्यासाठी ते उत्तर रिकामे ठेवत होता, की रिकामे होते म्हणून सांगत होता? कदाचित तुम्हाला कोणीतरी विचारायला हवे होते. रोज, हसत हसत, चाळीस जणांपुढे तुम्ही ते दार उघडत होता. मला हे सहन होत नाही. आज इथेच थांबते.

आज रविवार. सकाळी मी अकरा नंबरच्या घरी जाऊन आले, ते लिहिते.

जाताना हातात काही न्यावे की नेऊ नये, यावर मी फार विचार केला. डबा घासून ठेवला होता, दुकानातून सातूचे पीठही आणले होते. पण काहीतरी घेऊन गेले असते तर ते पुन्हा चांदणीसारखेच झाले असते. रिकाम्या हाताने गेले. मोंढ्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत शेवटची खोली. तिची आई दारात बसून मुलीच्या वेण्या घालत होती. मला पाहून मुलगी उठू लागली. आईने वेणी धरून तिला खाली बसवले.

"आता घरी बी हजेरी घ्यायला आल्या का, बाई?"

"नाही. तो तक्ता मी उद्या काढते आहे. ते सांगायला आले."

"बराबर," ती म्हणाली आणि वेणी घालत राहिली. मला बोलायचे होते ते बोलून झाले होते. आता नमस्कार करून निघायला हवे होते. पण मी तिथेच उभी होते. आणि जे वाक्य तुमच्या समोर बसून मला एकदाही उच्चारता आले नाही, ते त्या दारात, कसे कोण जाणे, माझ्या तोंडून गेले.

"तुम्ही आज सकाळी काय खाल्लं?"

तिचे हात थांबले. "कोन, मी?"

"हो."

"मला कोन इचारतं हो!" तिने आधी हसण्यावारी नेले. मग रिबिनीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "चहा," ती म्हणाली. आणि मान वर करून, "आन तुमी?"

तुमच्यानंतर मला कोणीही हे विचारले नव्हते.

"चहाच."

"पगार असून?"

"वेळ नसतो."

आता मात्र ती खरोखर हसली. "घ्या! मला झाडू हाय म्हनून येळ न्हाई, आन ह्यांना पुस्तक हाय म्हनून. मंग बसा की. उभ्याच काय राह्यल्या?"

तिने रात्रीची भाकरी टोपल्यातून काढून परातीत कुस्करली, शेजारणीकडून ताकाचा तांब्या आणला, कांदा बुक्कीने फोडला. मुलगी न सांगता शेंगदाण्याचा डबा घेऊन आली. मी शाळेतली बाई असल्यामुळे मला राहवले नाही; म्हणाले, "शेंगदाणे घातले की दुपारपर्यंत टिकतं."

"ते मला ठाऊक न्हाई का? येळ कुठाय म्हनते मी."

"रात्रीच कुस्करून झाकून ठेवायचं. सकाळी नुसतं ताक ओतायचं. हिलाही जमेल."

"मला जमतंय," अकरा नंबर म्हणाली. तिचा आवाज मी शाळेबाहेर प्रथमच ऐकला. चांगला मोठा आहे.

"लई जमतंय! तांब्या धरता येईना न् म्हनं जमतंय," आई म्हणाली, पण तांब्या तिने मुलीच्याच हातात दिला. थोडे ताक सांडले. आम्ही तिघी एकाच परातीतून खाल्ले. त्या आईला बसून खाताना पाहायला मला फार बरे वाटत होते आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे वेगळेच दिसत होते. पहाटेचा जालन्याचा बसस्टँड, तपकिरी पिशवी, आणि सुटणाऱ्या गाडीमागे धावणारी तुमची टाच. तुमच्यासाठी अशी परात कोणी मांडली नाही. मायने मांडली होती एकदा. तीही तुम्ही गाठ मारून दुसऱ्यांसाठी घेऊन गेलात.

निघताना ती दारापर्यंत आली. "घ्यायचीच आसंल हजेरी तर घ्या. पन आधी तुमी सांगायचं. आन खोटं सांगायचं न्हाई. पोरगी मला येऊन सांगंल."

तिला शून्य नंबराविषयी मी काहीच सांगितले नव्हते, बाई.

म्हणजे सरांना काय सांगायचे ते ठरले आहे. तक्ता काढीन. हजेरी ठेवीन, पण ज्याला सांगायचे त्याने सांगावे, नको त्याने नुसते हजर म्हणावे. आणि सर्वांत आधी माझा नंबर. सर नको म्हणाले तर मी त्यांच्याशी बोलेन. बोलता आले नाही तर त्यांना लिहून देईन. फक्त एका बाबतीत मी तुमचे ऐकणार नाही. "फक्त चहा" मी म्हणणार नाही. माझ्या वर्गात शून्य नंबरने खाल्लेले असेल. त्या उत्तराला मुले हसणार नाहीत, हे मला माहीत आहे. तुमच्या उत्तरात जी ऊब होती ती त्यात नसेल, हेही. मग अकरा नंबरला आधार कशाचा, ते मला अजून नीट कळलेले नाही. कदाचित एखाद्या दिवशी एखादा मुलगा उलटून विचारील, "बाई, खरंच का?" आणि मी त्याला गप्प बसवणार नाही, एवढेच मला करता येईल.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. तुमच्या घरी टाकले तर जाऊबाईंच्या हाती पडेल, आणि त्यांना आता या वयात ते वाचायला लावणे बरे नव्हे. त्यामुळे ते माझ्याकडेच राहील. ज्यासाठी हे सगळे लिहिले ते एक वाक्य तेवढे लिहिते. उशीर झाला आहे, उत्तर येणार नाही, तरीही लिहिते. बाई, तुम्ही आज काय खाल्लं?

आता सोमवार उजाडला आहे; माझे उत्तर खाली लिहिते आहे. भाकरी रात्रीच कुस्करून ठेवली होती. सकाळी ताक ओतले, वर शेंगदाणे घातले आणि पाटावर बसून खाल्ले. वाटीत थोडे उरले आहे. ते तुमच्यासाठी ठेवले, असे लिहायचे मनात आले होते. पण खोटे सांगायचे नाही असे ठरले आहे. ते मी ठेवलेले नाही. मला गेले नाही.

नंबर शून्य, हजर. भाकरी-ताक, अर्धी वाटी.
सोमवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे.